सामंतांकडच्या बायका

शारजाला, अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जेवढ्या म्हणून तुळशी होत्या, त्या सगळ्यांची सामंत दर शुक्रवारी झडती घेत. हातात जेवणाचा स्टीलचा काटा, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. दार उघडलं की नमस्कार-चमत्कार नाही, थेट "कुंडी कुठाय?" मग बाल्कनीत उकिडवं बसून माती उपसायची. काही सापडलं नाही की "क्लीन!" असं जाहीर करून चहा न घेता पुढच्या फ्लॅटकडे. बाल्कनीभर पसरलेली माती आपली आपण झाडायची.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. सामंत एका लँडस्केपिंग कंपनीत होते. वाळवंटात हिरवळ उगवून देणे हा त्यांचा धंदा. भारतातून कंटेनर भरून रोपं येत, खोर फक्कानच्या बंदरात उतरत आणि तिथून बड्या लोकांच्या व्हिलांत जात. त्या रोपांच्या मातीतून फुकटात यायचा वाळा. गांडुळाएवढा, काळा, चकचकीत, आंधळा. विष नाही, चावणं नाही, पण शेवटी साप. एका व्हिलाच्या मालकाच्या पायाशी एक निघाला, तेव्हा कंपनीचं कंत्राट जाता जाता राहिलं होतं. तेव्हापासून सामंतांनी हे अंगावर घेतलं. आमच्या तुळशीही त्याच कंटेनरमधून आलेल्या.

"वाळवंटात मेला असता हो तो," ते सांगायचे. "पण आपण स्प्रिंकलर लावले. आता या गार्डनमधून त्या गार्डनमध्ये, यल्ला, चला पुढे! इथल्या मातीत काय उच्छाद मांडतील, कोणाला ठाऊक?"

"नर तेवढे पकडले की झालं," मी आपलं सुचवलं.

"नर नसतोच, कुलकर्णी! सगळ्या बायकाच. एकटी असली तरी अंडी घालते. एक जरी सुटली तरी खलास!"

"म्हणजे नवरा लागतच नाही?" आमच्या हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"अजिबात नाही, वहिनी."

त्यानंतर हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला बिलकूल आवडली नाही.

एका शुक्रवारी आमच्याच तुळशीत निघाली की एक! ही सोफ्यावर चढून रामरक्षा म्हणू लागली. सामंतांनी मात्र ती केसातली पिन उचलावी तशी चिमटीत उचलली आणि जॅमच्या रिकाम्या बाटलीत सोडली.

"आता काय करणार हिचं?" मी विचारलं.

"खलास," ते म्हणाले. पण बाटलीच्या झाकणाला भोकं कशाला पाडली होती, ते काही सांगितलं नाही.

सामंत आमच्या शेजारी एकटे राहत. बायको कुडाळला, दोन्ही मुली पुण्यात. त्यांची आणि आमची भिंत एकच. त्याच आठवड्यात संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "काय गो चेडवांनो, जेवलात काय?"

ही सोलापूरची, मीही सोलापूरचा. आम्हाला काही कळेना. खालच्या मजल्यावरच्या नाईकबाई मालवणच्या. त्यांनी डोळे मोठे करून अर्थ सांगितला, "चेडू म्हणजे मुलगी. आणि चेडवां म्हणजे अनेक!"

झालं. लिफ्टमध्ये दुसरा विषय उरला नाही. या वयात? आणि अनेकवचनी? वॉचमनने अल्लाची शपथ घेऊन सांगितलं की कोणी बाई वर गेलेली नाही. त्यामुळे संशय उलट वाढला. शेवटी सगळ्यांनी मिळून मला पुढे ढकललं.

मी बेल वाजवली. सामंतांनी दार बोटभर उघडलं, मला पाहिलं आणि थोडा विचार करून आत घेतलं.

हॉलमध्ये सोफा नव्हता. त्या जागी काचेची मोठी पेटी होती. अर्ध्यापर्यंत ओली माती, वर बारीक जाळी, जाळीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी. शेजारच्या वाटीत मुंग्यांची अंडी होती. सामंतांनी जाळीचा एक कोपरा उचलून चमचाभर अंडी आत टाकली. माती हलली. कुठे शेपूट, कुठे तोंड. दोन्हीकडून सारखंच दिसत होतं म्हणा.

"सोडता येत नाही," ते पेटीकडेच पाहत म्हणाले. "आणि मारवत नाही. पहिलीला मारायला गेलो, तर माझ्या बोटालाच वेटोळं घालून बसली."

"पण बोलता काय यांच्याशी? यांना ऐकू तरी येतं?"

"नाही येत. दिवसभर साइटवर हिंदी, ऑफिसात इंग्लिश. मुलींना फोन लावतो. जेवलात काय गो, विचारतो. त्या म्हणतात, 'येस बाबा, वी आर फाइन. हाऊ आर यू?' चांगल्याच आहेत हो पोरी. बिझी असतात. मग इकडे येऊन पुन्हा एकदा विचारतो."

खाली सगळे माझी वाट पाहत होते. त्यांना जाऊन काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो. सामंतांनी चमचा पुसून ठेवला आणि घरची किल्ली माझ्या हातात दिली.

"पुढच्या महिन्यात थोरलीचं बाळंतपण आहे. जाऊन येतो. एक दिवसाआड पाणी शिंपडा. जाळी उघडी ठेवू नका. आणि वेळ असला तर दोन शब्द बोला. मालवणी येत नसेल तर सोलापुरी चालेल." दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा हळूच म्हणाले, "फक्त इंग्रजीत नको."