डोहापुरती मोटार

होडीची मोटार मंद चालत नाही, एवढ्या एका कारणावरून आपली बदली कुंभीखाप्याला व्हावी, हे पुंडलिकरावांना मुळीच मान्य नव्हतं. सौंसरच्या पूर-बचाव कचेरीत ते नाजर होते. कचेरीतल्या चाळीस खुर्च्या, सहा कंदील, दोन तंबू आणि एक होडी त्यांच्या ताब्यात होती.

"बाकीच्या सामानाले कोनी काही म्हनते का?" ते शिपाई चिंधूवर कडाडले. "खुर्ची मंद चालते का? तंबू चालते का?"

"तंबू मांगच्या साली उडाला होता जी," चिंधू म्हणाला.

पण कचेरीप्रमुख दुबेसाहेबांचा हुकूम स्पष्ट होता. "नाजरजी, मोटर धीमी चलेगी. नहीं तो आप कुंभीखापा चलेंगे." कुंभीखापा म्हणजे डोंगरात, शेवटच्या बसच्याही पुढे सात मैल. आणि पुंडलिकरावांच्या घरामागं संत्र्याची बावीस झाडं होती. सहा वर्षं त्यांनी ती लेकरांसारखी वाढवली होती, आणि यंदा त्यांचा पहिला मृग बहार यायचा होता. पहिलं संत्रं दुसऱ्या कोणी सोलावं, ही कल्पना त्यांना बदलीपेक्षा जास्त झोंबत होती.

मोटार मंदच का चालायला हवी, यालाही सरकारी कारण होतं. जिल्ह्याचे मोठे साहेब पुराची तयारी पाहायला पुराच्या आधी येत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा रामाकोन्याला कन्हान नदीत वाळू भरपूर आणि पाणी एका डोहापुरतं असे. डोह चाळीस पावलांचा. मोटार जोरात सोडली की डोह संपायचा, पण होडी संपायची नाही. मागच्या वर्षी तालमीच्या वेळी ती तशीच पुढच्या काठावर चढून भिवाजीच्या डांगरवाडीत घुसली आणि अकरा डांगरं फोडून थांबली. भिवाजीनं 'पूर नसताना पुराने झालेले नुकसान' असा अर्ज दिला होता. मोटार मंद करावी, तर ती दोनदा खोकून बंद पडायची आणि होडी डोहाच्या मध्यावर गोलगोल फिरत राहायची.

पांढुर्ण्याहून गुणवंता मिस्त्रीला बोलावणं गेलं. आसपासच्या संत्र्याच्या बागांमधली विहिरीवरची इंजिनं तोच सांभाळायचा. ही मोटार होडीला बसवून दिली होती तीही त्यानंच, आणि बसवताना स्वतःच्या पद्धतीप्रमाणं तिला दोन टाक्या लावल्या होत्या. चालू करायला छोटी, चालवायला मोठी.

"मंद कशाले पाह्यजे पन?" गुणवंतानं पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं. "माही चाळीस इंजिनं हायेत विहिरीवर. एकबी मंद चालत नाही. मंद इंजिन म्हंजे काय? पानी बुडातच राह्यते."

"अरे, साहेब बसनार हायेत त्याच्यात!"

"मंग साहेबाले सांगा ना, घट्ट धरून बसा म्हना."

कचेरीमागच्या कोंडवाड्यात गुरांना पाणी पाजायचा हौद होता. त्याच्या भिंतीला मोटार आवळली. दोरी ओढल्यावर ती झकास सुरू झाली. गुणवंतानं टाकी बदलली, मिनिटभर थांबला आणि मोटार मंद केली. फट. फट. बंद.

"प्लग," गुणवंता म्हणाला. प्लग घासला. फट. फट. बंद.

"हवा." टाकीच्या झाकणाला भोक पाडलं. फट. बंद.

"पाहा, एक फट कमी झाली," पुंडलिकराव संतापून म्हणाले. "दुरुस्ती करून राहिला का मोजून राहिला?"

तेव्हा गुणवंताला वाटलं, की मोटारीला एकदा जोरात पळवून तिचा घसा मोकळा करावा. त्यानं ती पूर्ण सोडली. अर्ध्या मिनिटात हौद रिकामा झाला, आणि हौदातलं सगळं पाणी, शेवाळासकट, दाखल्यासाठी सकाळपासून कोंडवाड्याच्या भिंतीपलीकडे ओळीत बसलेल्या सतरा जणांच्या अंगावर गेलं. कोंडलेली म्हैस भिंतीवरून उडी मारून निघून गेली. म्हशी उड्या मारत नाहीत, असं चिंधूनं नंतर लेखी दिलं, पण म्हैस कोंडवाड्यात नव्हती हेही खरं होतं. आवाज ऐकून दुबेसाहेब बाहेर आले. ओळीतल्या नत्थूजी नावाच्या म्हाताऱ्यानं भिजलेला कागद त्यांच्यासमोर धरला.

"पूर आला तं सांगाव तं खरं, साहेब! आमी घरी राह्यलो असतो."

"परसों बड़े साहब आ रहे हैं," दुबेसाहेब पुंडलिकरावांना एवढंच म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी गुणवंतानं शेवटचं निदान केलं. कारबोरेटरमध्ये मळ. तो उकळायला हवा. म्हणून तो पुंडलिकरावांच्या घरी उकळायला ठेवला. प्रेमलताबाई विहिरीवरून आल्या तेव्हा स्टोव्हवर त्यांचा दूध तापवायचा गंज होता आणि गंजात दूध नव्हतं.

"काय शिजून राहिलं हे?"

"कारबोरेटर," पुंडलिकराव म्हणाले.

"माह्या दुधाच्या गंजात?"

"अवं, बावीस झाडांचा सवाल हाय! इथं मानूस बदलीवर चालला, अन् तुले गंजाचं पडलं!"

प्रेमलताबाईंनी पदरानं गंज उतरवला, काळं पाणी पाहिलं आणि गुणवंताकडे वळल्या. "काय पाजता तुमी त्या मोटारीले?"

"पाजाचं काय, बाई? सुरू कराले पेट्रोल. गरम झाली का मंग रॉकेल. साऱ्या इंजिनाईले तसंच असते."

"तरीच."

"तरीच काय, तरीच काय?" पुंडलिकराव उसळले. आपल्या कचेरीच्या मोटारीबद्दल स्वयंपाकघरात 'तरीच' म्हटलं जावं, हे त्यांना सहन होईना.

प्रेमलताबाईंनी स्टोव्हची किल्ली सैल केली. ज्योत पिवळी झाली, भपकली, धूर ओकला आणि विझली. "रॉकेल जोरातच जळते. आच कमी केली का थंडं पडते, मंग भपकते अन् विझते. सतरा वर्सं झाली, याच्यावर मले वरन मंद शिजवता नाही आलं. तुमच्या मोटारीनं कसं शिजवाव?"

"माही चाळीस इंजिनं रॉकेलवर चालून राहिली, बाई!" गुणवंता दुखावून म्हणाला.

"त्यातलं मंद कोनतं चालते?"

गुणवंतानं कारबोरेटर गंजातून काढला आणि फडक्यानं पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या टाकीतलं रॉकेल ओतून दिलं आणि दुबेसाहेबांच्या फटफटीतून ऑइल मिसळलेलं पेट्रोल काढून भरलं. पुन्हा भरलेल्या हौदात मोटार मंद केली. ती फटफटत राहिली. चिंधूनं विडी ओढून संपवली तरी ती चालूच होती. पुंडलिकराव तिच्याकडे बघत उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर आनंदापेक्षा अपमान जास्त होता.

मोठे साहेब ठरल्या दिवशी रामाकोन्याला आले आणि होडीत बसले. पुंडलिकरावांनी मोटारीचा दांडा धरला. चाळीस पावलांच्या डोहात होडीनं तीन फेऱ्या मारल्या, इतक्या हळू की काठावरची बकरी तिच्याबरोबर चालत होती. वळणावर मोटार आणखी मंद झाली, पण बंद पडली नाही. साहेबांच्या पँटवर थेंब उडाला नाही. भिवाजी डांगरवाडीच्या बांधावर कोरा कागद घेऊन बसला होता, तो निराश होऊन उठून गेला.

"वाह!" मोठे साहेब उतरताना म्हणाले. "पुरानी मोटर, और इतनी धीमी! किसने ठीक की?"

गुणवंता पुढे झाला. पण पुंडलिकराव त्याच्या पुढे झाले. इतक्या दिवसांचा अपमान, हौद, म्हैस, आणि ते 'तरीच', सगळं त्यांना एकदम आठवलं.

"मैंने, सर," ते म्हणाले. "सब मैंने सोचा. अकेले."

मोठ्या साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. मग ते दुबेसाहेबांकडे वळले. "दुबे, ऐसा आदमी यहाँ चालीस क़दम के पानी पर क्या कर रहा है? कुंभीखापा में अपना जनरेटर है. धीमा करो तो बंद. दो साल से कोई समझ नहीं पाया. इनको भेजो."

"कितने दिन के लिए, सर?" पुंडलिकरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"जब तक आपका मन लगे," मोठे साहेब प्रेमानं म्हणाले.

घरी येऊन त्यांनी हुकूम प्रेमलताबाईंसमोर ठेवला आणि अर्धा तास सरकारला, मोठ्या साहेबांना, दुबेसाहेबांना आणि डोंगराला नावं ठेवली. प्रेमलताबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या.

"पन साहेबाले कोनं सांगतलं, मोटार तुमी दुरुस्त केली म्हनून?"

पुंडलिकराव हुकुमाची घडी घालू लागले. "त्यायले... तसं वाटलं."

"बरं." त्यांनी एक खडा वेचून दारातून बाहेर टाकला. "मंग जा. संत्रे मी पाहीन. बदली दुरुस्त करनाऱ्याची झाली, माही नाही झाली."

पुंडलिकरावांनी ट्रंक ओढून उघडली. मग त्यांनी बंडी घडी करता करता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "अवं, त्या जनरेटरले काय झालं असन, तुले काय वाटते?"

प्रेमलताबाईंनी सूप पाखडलं.

"अर्ज करा," त्या म्हणाल्या. "मंग पाहू."