एकेचाळीस नंबरचा माल

"आई, ही इस्त्री हातात धर आणि खरं सांग, आनंद होतो का?"

"चटका बसतो," आई म्हणाली.

मधल्या मुलीने इस्त्री भंगाराच्या ढिगात फेकली. हातात घेतल्यावर आनंद न देणारी वस्तू घरात ठेवायची नाही, असं तिने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. चौतीस वर्षं इस्पितळाच्या धोबीखान्यात दुसऱ्यांच्या घाणीच्या चादरी धुतलेले आईचे हात आता आनंदाच्या परीक्षेला बसले होते. घर आईच्या नावावर होतं. ते विकायचं मात्र तिच्या तीन मुलांनी ठरवलं. त्याआधी आवराआवर. चांगलं वाटून घ्यायचं, उरलेलं भंगारात. आईने कुठे राहायचं, याबद्दल सकाळपासून कुणी तोंड उघडलं नव्हतं.

थोरला पार्सल ऑफिसात हेडक्लार्क. हा माणूस यादी केल्याशिवाय आंघोळीलासुद्धा जायचा नाही. त्याने तीन पानांची यादी केली होती. नंबर, वस्तू, कोण नेणार आणि शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण. खूण म्हणजे माल गाडीत चढला, त्याच्याकडे पुन्हा बघायचं नाही. याच नियमावर तो क्लार्कचा हेडक्लार्क झाला होता. चाळीस नंबरला भिंतीवरचं घड्याळ. एकेचाळीसला त्याने लिहिलं होतं, 'आई'.

"दादा, आईला काय यादीत घातलंस?" धाकटा म्हणाला.

"न्यायची आहे ना? मग नोंद नको?"

"बरं, पण कोण नेणार? रकाना कोराच आहे."

तिघांनी एकदम छताकडे पाहिलं.

"माझ्याकडे तीन जिने," थोरला म्हणाला. "तिचे गुडघे बघा."

"माझ्याकडे लिफ्ट आहे, पण मुलांच्या परीक्षा आहेत," मधली म्हणाली.

"कधी?"

"असतातच रे, वर्षभर."

"माझं तर भाड्याचं घर," धाकटा म्हणाला. "मालक डोकी मोजतो."

"आणि कपाट बरं मावतं तुझ्या घरात?"

"ताई, कपाट जेवत नाही."

आई तिथेच स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. थोरल्याने यादीत पाहिलं. "आई, जरा ऊठ बरं. सदतीस नंबर." ती उठली. स्टूल गेलं.

लोखंडी कपाटावर तिघं पाऊण तास भांडली. एकमेकांची लग्नं, आजारपणं, कुणाला दूध जास्त मिळालं, सगळं उकरून झालं आणि कपाट थोरल्याच्या टेम्पोत चढलं. आईचा विषय त्यानंतर दोन मिनिटं चालला. "गाडीत बसताना बघू," असं एकमताने ठरलं. दिवसभरातलं हे एकमेव एकमत.

खाली दोन टेम्पो आणि मधलीची गाडी उभी होती. रस्ता अडल्यामुळे मागचे हॉर्न मारत होते आणि ड्रायव्हर आईमाईवरून बोलत होते. "खुणा कर पटापट!" म्हणून थोरल्याने यादी मधलीच्या हातात कोंबली आणि तो दोरखंड आवळायला धावला. मधलीने शेवटच्या पानावर वरपासून खालपर्यंत खुणा ओढल्या. त्या वेळी आई मोरी घासत होती. सोडायचं असलं तरी घर घाणेरडं सोडायची तिला सवय नव्हती.

थोरल्याने निघताना यादी पाहिली. एकेचाळीसवर खूण होती. धाकट्याने नेली असणार, असं त्याला वाटलं. धाकट्याला वाटलं ताईने, आणि ताईला वाटलं दादाने. विचारलं कुणीच नाही. विचारलं असतं तर "मग तूच ने" असं उत्तर आलं असतं, एवढी अक्कल तिघांनाही होती.

तासाभराने थोरल्याचा धाकट्याला फोन आला. "कपाट का उघडत नाही? आईला विचार."

"आई तुझ्याकडे आहे ना?"

मग मधलीला फोनवर घेतलं. आई कुठे आहे, हा प्रश्न दुसरा आला. खूण कुणी केली, हा पहिला.

"खूण आहे म्हणजे माल चढलाच असणार," थोरला ठासून सांगत होता.

जिना चढतानाही खुणेवरूनच मोठमोठ्याने भांडत ते परत आले, तेव्हा दाराला आतून कडी होती.

"आई, दार उघड गं! चुकून राहिलीस!"

"राहिले कशी? माझ्यापुढे खूण आहे म्हणतात ना?" आतून आवाज आला. "कोण नेणार, तिथं काय लिहिलंय?"

थोरल्याने चष्मा लावला. घसा साफ केला. "कोरं आहे."

"भर की मग. मोठ्याने वाच आणि भर."

थोरल्याने पेन मधलीकडे केलं, मधलीने धाकट्याकडे. धाकट्याने ते झटकून पाहिलं. "शाई येत नाहीये," तो म्हणाला. येत होती.

पेन फिरून पुन्हा थोरल्याकडे आलं.

"झालं?" आई म्हणाली. "मग मी कुठे जात नाही. आणि घरही कुठे जात नाही. या आता."

कुणाला आईला न्यावं लागणार नव्हतं. तिघांचे खांदे एकदमच हलके झाले. मग घर हातचं गेलं, हे डोक्यात शिरलं. मधली मटकन पायरीवर बसली आणि हुंदके देऊ लागली. धाकट्याने भिंतीवर कपाळ टेकलं. थोरल्याचे डोळेही भरून आले.

समोरच्या बाई दार उघडून बाहेर आल्या. त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"किती हो जीव तुमचा आईवर! आमच्या कार्ट्यांना दाखवायला पाहिजे."

तिघांनीही माना डोलावल्या.