पुरुष गायन मंडळाचा नवा खातेक्रमांक

डिसेंबरमधली शेवटची तालीम संपली, बिअर आली, आणि क्लाइनवालबाख पुरुष गायन मंडळाचा खजिनदार ओटमार ब्रेंडल याने जाहीर करून टाकलं, की युरोपची नवी बँकपद्धत मंडळाला लावून देतो आणि मार्चच्या वार्षिक सभेत मोकळा होतो. हे काम म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. मंडळींनी मान डोलावली, पण विश्वास कुणाचाच बसला नाही. गावातल्या मंडळाचं खजिनदारपद एकदा गळ्यात पडलं की ते सहसा उतरत नाही. ओटमारच्या गळ्यात ते युरो येण्याआधी, मार्क या जुन्या चलनाच्या जमान्यात पडलं होतं.

यंदा मात्र त्याला सुटायचंच होतं. त्याच्या बायकोने, रोझविथाने, आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी विकत घेऊन अंगणात उभी केली होती. भिंतीवर पोर्तुगालचा नकाशा लागला होता. "एप्रिलात निघायचं," तिने सांगून ठेवलं होतं. "तू आलास तर तुला घेऊन." ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा ऊवे हिशेब सांभाळायला कसाबसा तयार झाला होता, पण सगळं चोख करून हातात द्यायचं, ही त्याची अट होती.

काम तसं सरळ होतं. फेब्रुवारीपासून जुने खातेक्रमांक जाणार, सगळ्या युरोपसारखे बावीस अक्षरांचे नवे येणार. वर्षाची वर्गणी सभासदांच्या खात्यातून परस्पर कापली जायची, ती आता नव्या पद्धतीने कापायची. जुनी संमती आहे, सभासदांना नुसतं कळवलंत तरी चालेल, असं बँकेने सांगितलं. पण 'चालेल' हा शब्द ओटमारला मुळातच आवडत नसे. खातेदाराची नवी सही हवी म्हणजे हवी. त्याने यादीतल्या प्रत्येकाला 'प्रिय गायकबंधू' अशी सुरुवात करून पत्र धाडलं.

आता या यादीतले निम्मे गायकबंधू वारलेले होते. हे काही गुपित नव्हतं, कारण त्यांच्या दफनाला हेच मंडळ गायलं होतं. पण सभासदत्व लेखी राजीनाम्यानेच संपतं असा नियम, आणि मेलेल्यांपैकी एकानेही तो दिलेला नव्हता. विधवाही कधी बोलल्या नाहीत. नवऱ्याची वर्गणी दरवर्षी कापली जात होती, त्यांनी ती जाऊ दिली.

"अरे, हेलमुटच्या थडग्यापाशी तू स्वतः गायलास ना?" पाकिटं पाहून रोझविथाने विचारलं.

"गायलो. राजीनामा दिलाय का त्याने?"

रोझविथाने कपाळाला हात लावला.

जिवंत गायकांना दोनदोनदा आठवण करावी लागली. विधवांच्या सह्या मात्र आठवड्यात आल्या. खाती आता त्यांचीच, तेव्हा सह्याही त्यांच्याच नावाने. ओटमारने नियमावली उघडली. 'जो वर्गणी भरील तो सभासद, आणि त्याला एक मत.' लिहिणाऱ्या पणजोबांच्या काळी बायकांना खातीच नसत, त्यामुळे पुरुष हा शब्द घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. नियम तो नियम. ओटमारने सगळ्या बायकांना सभासद करून घेतलं. जानेवारीत ब्रसेल्सच्या युरोपीय कारभाऱ्यांनी फेब्रुवारीची ती मुदत सहा महिने वाढवण्याचं ठरवलं, तेव्हा त्याने मुकाट्याने रेडिओ बंद केला.

सभेचं बोलावणं अर्थात सगळ्या सभासदांना गेलं. अध्यक्ष एवाल्ड खानावळीच्या मागच्या खोलीत शिरला, तर खोली बायकांनी भरलेली. त्यांनी घरून केकही आणले होते. त्याने ओटमारला बाजूला ओढलं.

"ह्या इथे काय करतायत?"

"सभासद आहेत."

"आपलं पुरुष गायन मंडळ आहे, ओटमार."

"नावात आहे. नियमात नाही."

एवाल्डने नियमावली दोनदा वाचली आणि घंटा वाजवली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

खजिनदाराच्या निवडीचा विषय आला. ऊवे उठायला लागला, इतक्यात त्याला दुसऱ्या रांगेत त्याची सासू दिसली. "सासूबाईंच्या खात्यातून मी पैसे कापू?" तो म्हणाला. "जमणार नाही." आणि तो खाली बसला. आणखी कोण तयार आहे, असं एवाल्डने विचारताच सगळे पुरुष आपापल्या ग्लासात पाहू लागले.

मग हेलमुटची बायको गेर्लिंडे उभी राहिली.

"हेलमुट गेल्यापासून त्याच्या नावाने घरात एक कागद आला नव्हता," ती म्हणाली. "डिसेंबरात आला. वर लिहिलं होतं, प्रिय गायकबंधू हेलमुट. मी तो सबंध दिवस टेबलावर ठेवला होता. तुम्ही सगळे त्याला विसरलात, ओटमार विसरला नाही. खजिनदार तोच राहिला पाहिजे."

दोघीतिघींनी डोळे पुसले. ती पत्रं यंत्राने यादीवरून छापली होती, हे ओटमारला ठाऊक होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि हेलमुटची फार आठवण आली.

मतदान झालं. बायकांचे हात वर गेले. सुटलो एकदाचे म्हणून पुरुषांचेही गेले. ओटमारची आशा आता शेवटच्या रांगेवर होती. तिथे रोझविथा बसली होती. त्यांचं खातं दोघांच्या नावावर असल्यामुळे कागदावर तिचीही सही होती, आणि म्हणून तीही सभासद. ओटमार तिच्याकडे पाहत राहिला. तिनेही त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि हात वर केला.

घरी जाताना गाडीत ओटमारने विचारलं,

"रोझविथा, आणि पोर्तुगाल?"

"गेर्लिंडे म्हणते, आता बायकांचंही गाणं बसवायचं. खालच्या पट्टीत मला घेतलंय. दर गुरुवारी तालीम," ती म्हणाली. "तू जाऊन ये हवं तर. पण वर्गणी कापून झाल्यावर."