आसरूनानाचा अडकलेला पाव्हणा

चाकाच्या भोकात अडकलेला बुश काढण्यात मपल्याइतका तरबेज माणूस युसूफ वडगावात दुसरा न्हाई. आता मी काढलेला बुश परत बसवायच्या लायकीचा ऱ्हात न्हाई, आन् कधी कधी ज्याच्यातून काढला ते बी ऱ्हात न्हाई, ती गोष्ट येगळी.

रोडच्या कडंला मपलं पत्र्याचं दुकान हाय. पंक्चर, वेल्डिंग, आन् वरून जे येईल ते. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलतो, ते बी खिचडीपुरता. मास्तर म्हनायचे, बबन्याच्या डोक्यात काय शिरत न्हाई. खरं हाय. पण एकदा शिरलं की निघत बी न्हाई, हे मास्तरांच्या ध्यानात आलं न्हाई. तसंच आसरूनाना मपल्या डोक्यात शिरून बसलेत.

आसरूनाना म्हंजे मपले शेजारी. दुकानाच्या मागं त्यांचं घर. वय झालंय, पण मिशी कडक. त्यांचा एक नाद हाय. कुठंबी काय अडकलं, मग ते कुलूप असू द्या, बाटलीचं झाकण असू द्या, न्हाईतर नट, नाना त्याला पाव्हणा म्हनतात. आन् हातोडा घेऊ देत न्हाईत. "पाव्हण्याला ऊठ म्हनू ने बे," म्हनतात, "त्याला उठावंसं वाटलं पायजे."

एकदा त्यांच्या दाराचं कुलूप आतून अडकलं. बायको आत, नाना बाहीर. मी पहार घेऊन पळत गेलो, तर मलाच हाकललं. कुलपात तेल सोडलं आन् उंबऱ्यावर बसून त्याला गावच्या खबरी सांगत बसले. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली. बायको खिडकीतून चहा देत होती. ऊन उतरता उतरता कुलूप खट्ट करून उघडलं. मला वाटलं खबरी ऐकून बेजार झालं असंल.

दात दुखला तवा बी तेच. केजला डॉक्टरनं चिमटा हातात घेतला, तर नाना म्हनले, घाई करू नका, त्याला उठावंसं वाटू द्या. डॉक्टरनं नानालाच उठवलं.

आता नानाच्या ट्रॅक्टरचं सांगतो, कारण भानगड तिथंच झाली. एका कारखान्याच्या गेस्ट हाऊसमधी हिरवळ होती, आन् ती कापायला बुटकं ट्रॅक्टर. दुष्काळात हिरवळ गेली, मागून ट्रॅक्टर भंगारात गेलं. तिथून नानानं आणलं. समदा गाव हसला. आमच्याकडं गवत कापायला ट्रॅक्टर लागत न्हाई, म्हैस लागती. मी तर म्हनलं, नाना, ह्याला बुडाला युरिया घाला, आजून वाढंल. नानानं पाती काढून टाकली, मागं बुटका गाडा जोडला, त्यावर गादी टाकली.

ती गादी जिजीसाठी. जिजी म्हंजे नानाची बायको, आमी समदे तिला जिजीच म्हनतो. तिचे गुडघे पार गेलेत. जीपला पाय उचलत न्हाई, एसटीचं तर नावच नको. त्या बुटक्या गाड्यावर मात्र ती खुर्चीत बसल्यासारखी बसती. दर नागपंचमीला नाना तिला त्याच्यावर बसवून माहेराला नेतात. माहेर लांब न्हाई, ओढ्यापल्याड वाडी हाय. पण न चालणाऱ्या माणसाला ओढ्यापल्याड बी परदेशच.

आन् ह्या साली पंचमीच्या तोंडावर ट्रॅक्टरचं पुढचं चाक जाम झालं.

पुढच्या एक्सलच्या टोकाला उभं भोक असतंय. त्यात पितळेची नळी ठोकलेली असती, तिला बुश म्हनतात, आन् त्या बुशात चाकाचा खुंट फिरतो. खुंट गंजून बसलता. नानानं रोज डिझेल पाजून पाजून तो काढला. केजच्या लेथवाल्याकडून नवा बुश करून आणला. पण जुना बुश काय जागा सोडंना. वरून कारखान्यातल्या कुणीतरी वेल्डिंग मारून भोक बुजवलेलं, म्हंजे पलीकडून ढकलायची बी सोय न्हाई. जिथून आत गेला तिथूनच त्याला बाहीर यायचं होतं.

पंचमी उद्यावर आली. एक्सल उलटा करून नानाच्या ओट्यावर ठेवलता. जिजी दारात बसून मेंदी लावून घेत होती, शेजारच्या सुनंकडून. पिशवी भरून भिंतीला टेकवलेली. म्हनत होती, न्हाई निघाला तर न्हाई, दर सालीच जायला मी काय नवी नवरी हाय का. पण डोळा एक्सलवर.

दुपारी नाना जेवायला आत गेले. मी म्हनलं, हीच संधी. छन्नी लावली आन् हातोडा घातला. मपल्या अंगात ताकद हाय, अक्कल अंगात न्हाई, ती कुठं ठिवली ते आईला बी म्हाईत न्हाई. दुसऱ्याच दणक्याला बुशाचा काठ तुटून मपल्या पायावर पडला. आता पकडून ओढायला काठच ऱ्हायला न्हाई. बुश आत, आन् आमी बाहीर.

नाना हात धुवून आले. तुटका काठ उचलला, बगितला, खिशात घातला. मला शिवी देतील म्हनून मी वाट बगत होतो. दिली असती तर बरं वाटलं असतं. ते नुसते जिजीच्या पिशवीकडं बगत ऱ्हायले.

मग त्यांनी भोकात ग्रीस भरायला सुरू केलं. म्हनले, बुशाच्या पाठीमागं पोकळी हाय. ती गच्च भरायची, वरून फिट बसंल असा दांडा घालायचा आन् दांड्यावर हाणायचं. ग्रीसला जायला जागा न्हाई, म्हंजे ते बुशालाच उचलंल. मी म्हनलं, नाना, हातोडा चालतो व्हय आता. म्हनले, बुशावर न्हाई हाणायचं.

मी दांडा हाणला. बुश झिजलेला, बाजूनं फट. समदं ग्रीस फटीतून उडून मपल्या तोंडावर. सुनबाई हसून हसून खाली बसली. बुश जिथल्या तिथं.

तवा जिजी बोलली. मेंदीचे हात वर धरलेले, आन् तोंडावर इतकी चीड की मला वाटलं आता मपलं काय खरं न्हाई. पण बोलली नानाला.

"एवढे दिस पाव्हणा पाव्हणा करताव, त्याला तेल पाजलं, डिझेल पाजलं. कुणी जेवायचं इचारलं का?"

मी हसलो. नाना हसले न्हाईत. उठून आत गेले आन् भाकर घेऊन आले. पंचमीला आमच्याकडं तवा ठिवत न्हाईत, म्हनून जिजीनं भाकरी करून ठिवल्यात्या, टोपलंभर. नानानं भाकर पाण्यात भिजवली, लेकरासाठी कुस्करावी तशी कुस्करली, मळली, आन् बोटानं बुशातून आत घास घास सारायला लागले. ग्रीस फटीतून पळतं, हा गोळा पळत न्हाई. वर दांडा ठिवला.

"हाण," म्हनले. "हे हाणणं न्हाई बे. जेवताना आग्रह करावाच लागतो."

मी आग्रह केला. परत घास, परत आग्रह. आर्धी भाकर गेली आन् बुश केसभर वर आला. आजून एक घास. मग तो हळूहळू, ढेकर देऊन पाटावरून उठावा तसा, भोकातून वर आला. पितळेच्या नळीत ज्वारीची भाकर. नानानं त्याला धोतराच्या सोग्यानं पुसला आन् देवळीत ठिवला. जिजी सुनंला म्हनली, ह्या हातावरचा मोर नीट काढ.

सकाळी मी नवा बुश नीट बसला का बगायला गेलो. खरं तर गाडी चालली तर थोडं नाव मपलंबी व्हावं म्हनून गेलतो. गाडा दारात उभा. नाना कुठं दिसनात. जिजी नवं लुगडं नेसून आत बसलेली.

तेवढ्यात नाना घराच्या मागून आले. दाढी केलेली, डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं. सोताच्याच दारासमोर चपला काढल्या आन् हाक मारली.

"बाई हायत का घरात? मुराळी आलोय, न्यायला."

मुराळी म्हंजे लेकीला माहेराला न्यायला येणारा. जिजीला एकुलता भाऊ होता. दर पंचमीला तोच मुराळी म्हनून यायचा. तो वारल्याला बरीच सालं झाली. भाचे पुण्याला, वाडीतल्या घराला कुलूप. आता तिथं लिंबाला झोका असतो आन् जिजीच्या दोन-चार म्हाताऱ्या मैत्रिणी, बास.

जिजी आतून म्हनली, "या. पाणी घ्या."

नाना बैठकीत टेकले, सोताच्याच घरात अंग चोरून, पाव्हण्यासारखे. तांब्या घेतला. मग इचारलं, "दाजी पाठवतील ना? लई खट माणूस हाय म्हनं."

"हायत खट," जिजी म्हनली, "पण पंचमीला न्हाई म्हनत न्हाईत."

मी दारातच उभा. नानाचं मपल्याकडं ध्यान गेलं, आन् हा मिशीवाला माणूस लाजला. फेटा नीट करत म्हनले, "न्यायला कुणी आल्याबगर कशी जाईल ती. आपणहून गेलं तर माहेर कसलं ते."

दोघांनी जिजीला धरून गाड्यावर बसवलं. मला ऱ्हावलं न्हाई. म्हनलं, "जिजी, पुढच्या पंचमीला मी येतो मुराळी म्हनून. मला भाऊ समज. मी काढतो तुला घरातून."

जिजीनं गादी सारखी केली, पिशवी मांडीवर घेतली आन् मला खालपासून वरपर्यंत बगितलं.

"तुला बोटाएवढा बुश निघंना," म्हनली, "आन् मला काढायला निघालास."