कळलं, पुढे

चुरीकाकांसमोर आमच्या सोसायटीतल्या एकाही माणसाचं वाक्य आजवर पूर्ण झालेलं नाही. "काका, आज पाणी..." एवढं म्हणेपर्यंत "कळलं, पुढे" येतं. पुढे काही नसतंच. पाणी आलेलं नाही, एवढंच सांगायचं असतं.

आम्ही बाहेरून येऊन वसईत फ्लॅट घेतलेले नोकरदार. काका इथलेच, ज्या वाडीवर बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या वडिलांची. सातिवलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळून निवृत्त झाले आणि जगावर उपकार करायला लागले. जगाने मागणी केली नव्हती.

उपकार असा, की काकांनी गप्पा मारायचं एक साधन बनवलं. ॲप वगैरे नाही. ब्राउझरमध्ये पान उघडायचं आणि टाइप करायचं. हे साधन ते ओपन सोर्सवाल्यांना देणार होते, म्हणजे जे लोक हौसेनं प्रोग्रॅम लिहून सगळ्या जगाला फुकट वाटतात त्यांना. "आपन नुसतं घ्यायचं काय? द्यायला पन पायजे," असं ते लिफ्टमध्ये ऐकवत. तोवर प्रयोगाला आम्ही होतोच. सोसायटीच्या सूचना जुन्या ग्रुपवरून उचलून काकांच्या पानावर गेल्या. सेक्रेटरींना नाही म्हणायचं होतं, पण वाक्य पूर्ण झालं नाही.

या पानाची खोड म्हणजे, तुम्ही टाइप कराल ते प्रत्येक अक्षर सगळ्यांना लगेच दिसतं. पाठवायचं बटणच नाही. खोडलंत तर खोडतानाही दिसतं. मला हे माहीत नव्हतं. मी "हा म्हातारा डोकं खाणार" लिहिलं, शहाणपण सुचून खोडलं आणि "नमस्कार काका" लिहिलं. जिन्यात काका म्हणाले, "खायला आधी डोकं असायला पायजे." बिल्डिंग अजून हसते आहे.

ओपन सोर्सवाल्यांनाही हीच खोड खटकली. त्यांनी कळवलं: काम उत्तम, फक्त ही अक्षरांची भानगड काढा, मग घेतो. काका अडून बसले. या माणसाला शहाणपणाचं वावडं आहे, असं आमच्या कमिटीचं मत पडलं आणि आम्ही जुन्या ग्रुपवर परत जातोय, हा निरोप घेऊन मला धाडण्यात आलं.

काका हॉलमध्ये स्क्रीनसमोर होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर काकूंची वाचा गेल्याचं मी ऐकून होतो. आतल्या खोलीत त्या मांडीवरच्या टॅबवर एका बोटानं काही लिहीत होत्या. काकांच्या स्क्रीनवर 'च' आला. बऱ्याच वेळानं 'हा'.

"काकूंना चहा हवाय," मी म्हणालो.

काकांनी हात वर केला. "थांबा. बोलते ती. पुरं होऊ दे."

आणि ज्याला माझे दोन शब्द सोसत नाहीत तो माणूस एकेका अक्षराकडे बघत बसून राहिला. एक अक्षर चुकलं, खोडलं गेलं, पुन्हा आलं. माझीच चुळबूळ सुरू झाली. शेवटी वाक्य झालं: "चहा इचारला का त्यांना?"

"इसरलो," म्हणत काका उठले.

चहा घेताना मी विचारलं, "ती अक्षरं काढली असती तर त्यांनी घेतलं असतं ना?"

"घेतलं असतं. पन मग ती लिवते का थांबली, कळनार कसं? कोऱ्या पडद्याकडे बघत बसायचं? असं बोलनारी आनखी मान्सं असतील ना कुठं. नाय म्हनून कळवलं त्यांना."

मग मी निरोपाला हात घातला. "काका, कमिटीनं..."

"कळलं," ते म्हणाले. 'पुढे' म्हणाले नाहीत.

घरी येऊन मी ते पान उघडलं. तिथे आता ते दोघंच होते. मला फार वाईट वाटत होतं आणि ते लिहिता येत नव्हतं, म्हणून "काकू, चहा छान होता" एवढंच लिहायला घेतलं. बोट घसरलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पलीकडून मध्ये कोणी काही बोललं नाही. चुरीकाकांसमोर माझं वाक्य पहिल्यांदाच पूर्ण झालं.