जावईबापूंची बारीक कडी

खंडेनवमीला सगुणाबाईंनी घरातलं झाडून सगळं लोखंड चिंच आणि राखेनं घासून काढलं. कोयते, कुदळी, विळी आणि फौजदाराच्या तोंडात घालायच्या तीन कड्यासुद्धा. फौजदार म्हणजे गेणबांचा घोडा. अंगानं दणकट आणि स्वभावानं नावासारखाच. लगामाचं चामडं भिजू नये म्हणून बाईंनी कड्या सोडवल्या, घासल्या, हळदकुंकू वाहिलं आणि पुन्हा तिन्ही लगामांना जिथल्या तिथं अडकवल्या. जिथल्या तिथं म्हणजे त्यांच्या मते.

आता गेणबांचं शास्त्र असं, की बसणारा बदलला की कडी बदलायची. त्यांचा मुलगा विकी बैलगाड्यांच्या शर्यतीत पुढं घोडा पळवायचा. त्याचा हात हलका, म्हणून त्याच्या लगामाला बारीक, पिळाची कडी. नुसतं बोट हललं तरी घोड्याला कळायचं. रविवारी माणहून शिकायला येणाऱ्या दिशा मॅडमना मधली. आणि ज्याला काहीच येत नाही, जो भीतीनं लगामाला लोंबकळणार, त्याला सगळ्यात जाड. ती घोड्याच्या तोंडाला टोचत नाही, तो बिचारा निमूट सोसतो.

यंदा ही जाड कडी जावयासाठी काढली होती. लेकीचं, पायलचं लग्न वैशाखात झालेलं, जावयाचा पहिला दसरा. भैरवनाथाच्या पालखीपुढच्या मानाच्या घोड्यावर प्रदीपराव बसणार, हे गेणबांनी अख्ख्या वाडीला सांगून ठेवलं होतं. तीस वर्षं तो मान त्यांच्या घरात होता. पण त्या मानावर डोळा ठेवून असलेल्या कुशाबानं मुद्दाम एक गरीब घोडी विकत घेतली होती आणि देवळात सगळ्यांसमोर गेणबांकडून वदवून घेतलं होतं, "फौजदारानं यंदा घोळ घातला, तर फुडल्या साली मान कुशाबाच्या घोडीचा!"

दसऱ्याच्या दुपारी विकीनं घोड्याची रग जिरवायला म्हणून त्याला रपेटीला काढलं. चारला परत यायचा, तर पावणेपाचला फोन.

"आबा, घोडं थांबंचना! कासारसाईच्या धरणाव आलोय. पानी आडवं आलं म्हून थांबलं!"

"आरं, लगाम वढ की!"

"वढून वढून हात आखडलं. त्याला पत्ताच न्हाई कुनी वढतंय त्याचा!"

फोन कट झाला तो पुन्हा लागेचना. गेणबा बायकोकडं वळले.

"कड्या कशा लावल्यास गं?"

"नीट इचार करून लावल्या," सगुणाबाई म्हणाल्या. "आपला इकी रेड्यावानी, त्याला जाड. जावईबापू नाजूक, दिसभर लॅपटॉपम्होरं बसनारं. त्येंना ती बारीक, नक्षीची."

"अगं बये, नक्षी न्हाई ती, पीळ हाय पीळ!"

दुखरा गुडघा ओढत गेणबा देवळाकडं निघाले. पोहोचेपर्यंत ढोल वाजायला लागले होते. विकीनं धरणावरून थेट देवळात येऊन घाईघाईत घोड्याला जावयासाठीचा गोंड्यांचा लगाम चढवला होता, प्रदीपरावांना वर बसवलं होतं आणि पालखीही उचलली होती. पालखी एकदा उचलली की शीव ओलांडेपर्यंत मानाच्या घोड्याला कुणी हात लावायचा नाही, असा वाडीचा रिवाज. कडी बदलणार कशी? गेणबांनी कपाळावर हात मारला.

फौजदारानं पहिलं पाऊल पुढं टाकलं. प्रदीपराव घाबरले आणि त्यांनी दोन्ही हातांनी लगाम ओढला. तोंडात पीळ रुतताच फौजदार मागं सरकला. ते आणखी घाबरले, आणखी ओढला. घोडा आणखी मागं.

"मामा, हा रिव्हर्समध्ये चाललाय!"

"जावईबापू, हात ढिला सोडा!"

"सोडला तर पळेल ना हा!"

घोडा मागं आला म्हणून पालखी मागं, पालखी मागं म्हणून ढोलवाले मागं. पाच मिनिटांत भैरवनाथ पुन्हा देवळाच्या पायरीशी. सूर्य डोंगराला टेकायला आला होता. तो बुडायच्या आत शीव ओलांडली नाही तर सोनं लुटायचं कसं? कुशाबा मिशीत हसत होता. तीस वर्षांचा मान डोळ्यांदेखत चाललेला बघून गेणबांना रडूच कोसळायचं बाकी होतं.

आणि एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. घोड्याला मागंच जायचंय ना? जाऊ दे की!

"जावईबापू, डाव्या हातचा तेवढा वढा! आजून! आजून!"

फौजदार गर्रकन फिरला. तोंड पालखीकडं, शेपूट शिवेकडं.

"आता दोन्ही वढा! जीव खाऊन वढा!"

हे मात्र प्रदीपरावांना उत्तम जमत होतं. डोळे गच्च मिटून त्यांनी लगाम ओढला आणि फौजदार एकेक पाऊल मागं टाकत डौलात चालू लागला. मागोमाग पालखी, ढोल, सगळी वाडी. सूर्याची शेवटची कड दिसत असताना फौजदाराच्या शेपटीनं शीव ओलांडली.

म्हातारे एकनाथ पुजारी पुढं झाले आणि त्यांनी घोड्यालाच हात जोडले.

"आजवर समदी घोडी देवाला पाठ करून गेली. देवाच्या तोंडाकडं बघत शीव वलांडनारं जनावर ह्येच पैलं!"

मग काय विचारता! लोकांनी फौजदाराच्या पायावर आपट्याची पानं वाहिली. सकाळी देवळात बैठक बसली आणि ठरलं, इथून पुढं दरसाल मानाचा घोडा असाच उलटा चालायचा. कुशाबा त्याच दुपारी शेतात घोडीला मागं ढकलताना दिसला, पण ती गरीब असली तरी तेवढी गरीब नव्हती.

गेणबांनी घरी करून बघितलं. तीच बारीक कडी घालून विकीला बसवलं. त्याच्या हलक्या हाताखाली फौजदार सुतासारखा सरळ, पुढंच! मग गुडघ्याला तेल लावून स्वतः चढले. तरी पुढंच.

संध्याकाळी निघताना प्रदीपराव ओशाळून म्हणाले, "मामा, काल माझ्यामुळे तुमची फारच पंचाईत झाली. मी ठरवलंय, दिशा मॅडमसारखा दर रविवारी येणार आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत पक्का घोडेस्वार होणार."

गेणबांनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. डोळ्यांत पाणी होतं.

"पाया पडतो जावईबापू," ते म्हणाले, "काय बी शिकू नगा!"