फळीवरचा पाण्याचा चंबू

शेवाळराव हे जिवंत शेवाळांच्या संग्रहाचे रखवालदार. नाव अर्थातच पाठीमागे ठेवलेलं. "माझ्या खोलीत शिस्त म्हणजे शिस्त," असं ते येईल-जाईल त्याला ऐकवत. आणि त्या दिवशी सकाळी बघतात तर काय, त्यांच्या खास फळीवर साध्या पाण्याचा एक चंबू! वर चिठ्ठीसुद्धा नाही.

त्यांचं पित्त खवळलं. जनाची नाही तर निदान शेवाळाची तरी लाज बाळगावी माणसानं, असं पुटपुटत त्यांनी तो चंबू जंतुनाशकाच्या बादलीत उपडा केला. त्या बादलीतून काही जिवंत निघत नसे.

मग ते सरांचं, म्हणजे आपल्या गुरूंचं, शेवाळ शोधू लागले. सरांना ते तरुणपणी एका डबक्यात सापडलं होतं, नंतर पुन्हा कुणालाच नाही. आता थकलेले सर दुपारी ते बघायला येणार होते, बहुधा शेवटचं. आणि फळीवर हिरवा ठिपकासुद्धा नव्हता.

"मॅडम, सरांचं शेवाळ कुठाय?"

शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी मान वर केली. "जुनं ना? काल टाकून दिलं. तुम्हीच म्हणालात, नव्या पाण्यात जुन्याचा थेंब घातलाय, जुने चंबू धुवायला काढा."

"नवं हिरवं होईपर्यंत जुनं हलवायचं नसतं. एवढंही मीच सांगायचं?"

"तुम्ही ओरडून सांगितलंत, काढा म्हणून. तुमच्यापुढे बोलायची सोय आहे का कुणाला? आणि नवं आहे की फळीवर. अजून पाण्यासारखं दिसतं, एवढंच."

शेवाळराव बादलीकडे बघतच राहिले.

"चिठ्ठी लावली होतीत ना?" बाईंनी विचारलं.

"माझे चंबू मला ओळखू येतात," ते म्हणाले, पण आवाज पार खाली गेला होता. संताप अजून काठोकाठ होता, आणि तो काढायला माणूस उरला नव्हता.

आता एकच आशा होती, मेहुणीची. ती कॉलेजात शिकवायची. मागे तिला त्यांनी सरांच्या शेवाळाचा थोडा वाटा दिला होता, तोही तासभर प्रवचन झोडून: हे लेकरासारखं जपावं लागतं, तुला काही जमायचं नाही, पंधरवड्यात मारून टाकशील. तेव्हापासून तिनं बोलणं टाकलं होतं. नाक मुठीत धरून त्यांनी फोन लावला.

"आहे की, भावोजी. छान हिरवंगार आहे."

"थोडं देतेस?"



"देईन. पण तुम्हाला सांभाळायला जमेल ना?"